लिनक्सच्या गाभ्यातील टायमर-व्यवस्थेचा एक दोष व त्याची दुरुस्ती

घड्याळातील काळ स्थळाशी बांधलेला असतो. रिसोडचा रेखांश पूर्वेस सुमारे ७६ अंश ४७ कला आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती ८२ अंश ३० कलांच्या रेखांशावरून. यामुळे प्रमाणवेळेचे बारा वाजून गेल्यावर सरासरीने तेवीस मिनिटांनी रिसोडला सूर्य मध्याह्नी येतो. ज्या वाशीम जिल्ह्यात हे गाव मोडते त्या वाशीमचे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचे, नाव सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्याने आपल्या महाभास्करीयात मध्यरेषेवरील स्थानांमध्ये घातलेले आहे. आजच्या मोजणीने वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस सव्वा अंशाहून किंचित अधिक पडते, हा भाग वेगळा. सांगावयाचा मुद्दा इतकाच की, काळ मोजावयाचा म्हणजे तो कोठला व कोणाचा, हे आधी ठरवावे लागते.

संगणकाच्या परिचालन-प्रणालीस याच प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे द्यावी लागतात. एक काळ भिंतीवरच्या घड्याळाचा. तो सर्वांसाठी सारखाच वाहतो. दुसरा काळ खर्चाचा: अमुक एका प्रक्रियेने किंवा तिच्या अमुक एका धाग्याने प्रोसेसरचा प्रत्यक्ष किती वेळ उपभोगला, याचा. धागा निजला असता पहिला काळ पुढे सरकतो, दुसरा थांबतो. हा दुसरा काळ स्थळाशी नव्हे, तर भोक्त्याशी बांधलेला असतो; आणि भोक्ता मर्त्य असतो. लिनक्सच्या गाभ्यातील ज्या दोषास सीव्हीई-२०२५-३८३५२ हा क्रमांक मिळाला, त्याचे बीज या एका वाक्यात आहे. काळाचा हिशोब ज्याच्या नावे चालला आहे तो हिशोब चालू असतानाच नाहीसा झाला, तर पुढे काय व्हावयाचे?

पॉझिक्स प्रमाणकानुसार कोणत्याही प्रक्रियेस असा टायमर मागता येतो की, “माझा हा धागा प्रोसेसरचा अमुक इतका वेळ खर्च करील तेव्हा मला संकेत द्यावा.” अशा टायमरांच्या रांगा गाभा त्या त्या कार्याच्या नोंदीशी जोडून ठेवतो. प्रोसेसरवर ठराविक अंतराने घड्याळाचा व्यत्यय येत असतो. गाभ्याच्या बांधणीप्रमाणे सेकंदास १०० पासून १००० वेळांपर्यंत. त्या व्यत्ययात, ज्या धाग्याचे काम त्या क्षणी चालू असेल त्याच्या रांगा पाहावयाच्या, ज्यांची मुदत भरली ते टायमर बाहेर काढावयाचे व ते ‘उडवावयाचे’, म्हणजे संकेत पाठवावयाचा, असा हा क्रम आहे.

वरवर पाहता यात घोटाळ्यास जागा दिसत नाही. परंतु आधुनिक यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर एकाच वेळी एकाच स्मृतीवर काम करीत असतात. एक प्रोसेसर टायमर उडवीत असता दुसऱ्यावर तोच टायमर रद्द करण्याची आज्ञा येऊ शकते. हे टाळण्यासाठी कुलुपे योजिलेली आहेत. प्रस्तुत प्रकरणी दोन कुलुपांशी संबंध येतो. पहिले प्रत्येक टायमरचे स्वतःचे. त्यास येथे टायमर-कुलूप म्हणू. दुसरे कार्याच्या संकेत-व्यवस्थेचे, ते संकेत-कुलूप. टायमरांच्या रांगांना हात लावावयाचा तर संकेत-कुलूप हाती असावे लागते.

दोन कुलुपे असली की ती कोणत्या क्रमाने घ्यावयाची याचा नियम करावाच लागतो. एकाने आधी पहिले घेऊन दुसऱ्याची वाट पाहावी, दुसऱ्याने आधी दुसरे घेऊन पहिल्याची वाट पाहावी, असे झाले म्हणजे दोघेही कायमचे अडकून पडतात. येथील नियम आधी टायमर-कुलूप व मग संकेत-कुलूप असा आहे. टायमर रद्द करणाऱ्यास तो सोयीचा आहे, कारण कोणता टायमर रद्द करावयाचा हे त्यास ठाऊकच असते. व्यत्ययातील कामगाराची स्थिती मात्र उलटी आहे. कोणाची मुदत भरली हे कळण्यासाठी त्यास आधी रांग पाहावी लागते, म्हणजे संकेत-कुलूप आधी घ्यावे लागते. ते हाती ठेवून टायमर-कुलूप घेण्यास गेला तर नियम मोडतो.

यावर काढलेली तोड सुबक आहे. संकेत-कुलूप घ्यावे; मुदत भरलेले टायमर रांगेतून काढून आपल्या खासगी यादीत ठेवावे (एका रांगेतून एका वेळी जास्तीत जास्त वीसच); प्रत्येकावर ‘उडत आहे’ अशी खूण करावी; मग संकेत-कुलूप सोडून द्यावे; आणि त्यानंतर यादीतील एकेका टायमरचे कुलूप घेऊन तो उडवावा. दरम्यान कोणी टायमर रद्द करावयास आलाच तर तो संकेत-कुलूप घेईल, खूण पाहील आणि ‘थोडे थांबून पुन्हा या’ असे उत्तर घेऊन परत फिरेल. एतावता सर्व सुरळीत आहे.

हा व्यवहार बाजाराच्या भाषेत सांगितल्यास अधिक स्पष्ट होईल. समजा, रिसोडच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात एका अडत्याचे दुकान आहे. सोयाबीनच्या मापाच्या काटापट्ट्या दुकानातल्या पेटीत असतात. मुनीम पेटी उघडतो, ज्यांचे पैसे देणे आले त्या पट्ट्या काढतो, प्रत्येकीवर ‘हाती घेतली’ अशी खूण करतो, पेटीस कुलूप घालतो आणि पट्ट्या घेऊन चुकते करावयास निघतो. इतक्यात कोणी एक पट्टी रद्द करावयास येतो. रिवाज असा की, त्याने दुकानात जाऊन पेटीच्या कुलुपासमक्षच खूण पाहावी. खूण असली तर थांबावे, नसली तर पट्टी फाडावी. पण तो येतो तो दुकानच उठलेले! पेटी नाही, कुलूप नाही. तो मनाशी म्हणतो, दुकानच राहिले नाही त्याअर्थी पेटीतून पट्टी केव्हाच निघाली असली पाहिजे. आणि खूण न पाहताच पट्टी निकालात काढतो. मुनिमाच्या हातात मात्र ती अजून आहे.

दृष्टान्त येथेच सोडलेला बरा. कारण बाजारात फाटलेली पट्टी फाटलेली दिसते, संगणकाच्या स्मृतीत तसे दिसत नाही. मोकळी केलेली स्मृती गाभा दुसऱ्या कोणास देऊन टाकतो. जुना पत्ता हाती धरून बसलेला कामगार तेथे जे काही असेल त्यालाच टायमर व त्याचे संकेतपत्र समजून वागू लागतो. आणि तेथे काय असावे हे जर हल्लेखोराने ठरविले असेल, तर गाभा त्याच्या शब्दाने चालू लागतो. स्मृती मोकळी झाल्यानंतरही तिचा वापर होणे, या जातीच्या दोषांना संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात इतके महत्त्व येण्याचे कारण हेच.

आता दुकान उठते कसे, हे पाहावयाचे. धागा संपतो तो एका क्षणात संपत नाही. आपली साधने परत केल्यानंतर तो एक्झिट-नोटिफाय नावाच्या पायरीवर येतो. तेथे त्याच्या नोंदीवर मृत्यूची खूण होते व ज्यास कळवावयाचे त्यास कळविले जाते. पुढे कोणीतरी त्याची उत्तरक्रिया करावी लागते; म्हणजे त्याचा निर्गम-अंक वाचून नोंद पुसावी लागते. उत्तरक्रिया झाली की कार्याची संकेत-व्यवस्थेशी असलेली गाठ सुटते, आणि त्यानंतर त्याच्यामार्फत संकेत-कुलूप घेण्याचा कोणताही प्रयत्न फसतो.

सामान्य धाग्याची उत्तरक्रिया तो स्वतःच, त्याच पायरीवर, उरकून घेतो. अशा धाग्याबाबत धोका नाही: नंतर व्यत्यय आला तरी व्यत्ययातील कामगारास संकेत-कुलूपच मिळत नाही व तो निमूटपणे परत जातो. अडचण आहे ती, ज्यांची उत्तरक्रिया दुसऱ्याच्या हाती राखलेली असते त्यांच्याबाबत. मूळ दुरुस्तीच्या टिपणात पालक अथवा तपासक अशी दोन नावे आहेत. परंतु टायमर रद्द करण्याचा अधिकार त्याच प्रक्रियेतील धाग्यांना असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे तपासकाची वाट सर्वांत सरळ ठरते. प्रक्रियेचा एक दुय्यम धागा मरत आहे. त्याचे भाऊ जिवंत आहेत. आणि बाहेरची एक तपासक प्रक्रिया, डीबगर ज्या रीतीने करतो त्या रीतीने, त्या धाग्यास चिकटून बसलेली आहे. अशा वेळी मरणाऱ्या धाग्याची उत्तरक्रिया तपासक करतो. तपासक, मरणारा धागा आणि रद्द करणारा भाऊ, ही तिन्ही पात्रे हल्लेखोराचीच. हे जाणल्यावर ‘असा योगायोग जुळेल कसा?’ ही शंका उरत नाही. तो योगायोग नसून ठरवून आणलेली वेळ आहे.

तेव्हा घटनांची माळ अशी लागते. पहिल्या प्रोसेसरवर धागा मृत्यूची खूण ओलांडून पुढे गेला आहे. तथापि प्रोसेसर कायमचा सोडण्यापूर्वीची काही पावले अद्याप त्यास टाकावयाची आहेत. नेमका त्याच वेळी घड्याळाचा व्यत्यय येतो. टायमरची मुदत भरलेली असते, कारण हल्लेखोराने धाग्यास मरण्यापूर्वी हिशोबाने राबविलेले असते. कामगार संकेत-कुलूप घेतो, टायमर यादीत ओढतो, खूण करतो, कुलूप सोडतो. दुसऱ्या प्रोसेसरवर वाट पाहत असलेला तपासक तत्क्षणी उत्तरक्रिया उरकतो. तिसऱ्यावर भाऊ टायमर रद्द करावयास येतो. टायमर-कुलूप त्यास मिळते, कारण कामगार त्या टायमरपर्यंत अजून पोहोचलेला नाही. कार्य शोधावयास गेला तर कार्य नाही, किंवा असले तरी संकेत-कुलूप मिळत नाही. खूण पाहण्याची पायरी या कुलुपाच्या आतली असल्यामुळे ती वगळली जाते आणि ‘टायमर रद्द झाला’ असे उत्तर जाते. टायमरशी जोडलेली स्मृती मोकळी होण्याच्या मार्गास लागते. इकडे कामगार यादीतील पुढचे पान उलटतो.

खूण टायमरवर होती, टायमर हाती होता, टायमर-कुलूपही हाती होते. तरीसुद्धा खूण पाहिली गेली नाही. ‘कार्य नाही त्याअर्थी टायमर कोणत्याही रांगेत नाही’ हे विधान खरेच होते. ‘रांगेत नाही त्याअर्थी कोणाच्याच हाती नाही’ हे दुसरे विधान मात्र त्याच्या पाठीस लागून आत शिरले, आणि ते खोटे होते. न्यायशास्त्राच्या अभ्यासकास ही व्याप्तीतील चूक ओळखीची वाटेल.

दुरुस्ती जून २०२५ मध्ये ओलेग नेस्तेरोव्ह यांनी केली. तिच्यात नवे कुलूप नाही, खुणेची नवी जात नाही, क्रमात फेरफार नाही. व्यत्ययातून टायमर तपासण्याचे काम ज्या ठिकाणी सुरू होते तेथे एकच अट घातली: कार्याच्या नोंदीवर मृत्यूची खूण असेल तर काहीही न करता परत फिरावे.

इतक्याने भागते कसे? टायमर-कुलुपाखालीच खूण पाहावी, किंवा रद्द करणाऱ्याने अधिक चौकशी करावी, असे उपाय वाचकाच्या मनात आधी येतील. पहिल्या नजरेस तर ही एक अट अपुरीच भासते: तपासणी करतेवेळी धागा जिवंत असावा आणि तपासणी होताच मरावा, मग काय? उत्तर व्यत्ययाच्या स्वरूपात आहे. ज्या धाग्याचे टायमर तपासावयाचे तो धागा आणि व्यत्ययातील कामगार हे दोघे एकाच प्रोसेसरवर आहेत. कामगार काम करीत आहे तोवर धागा जागच्या जागी गोठलेला असतो, एक पाऊलही पुढे टाकू शकत नाही. मृत्यूची खूण तर धागा स्वतःच, एक्झिट-नोटिफाय या पायरीवर, आपल्या नोंदीवर करतो. यास्तव कामगाराने खूण नाही असे एकदा पाहिले की, त्याचे काम आटोपेपर्यंत ती होणे शक्य नाही. आणि खूण नसलेल्याची उत्तरक्रिया कोणासही करता येत नाही. म्हणजे कामगाराच्या हाती यादी असेपर्यंत दुकान उठणार नाही याची हमी मिळते, आणि रद्द करणाऱ्यास संकेत-कुलूप व त्यामागची ‘उडत आहे’ ही खूण हटकून सापडते. ज्या प्रश्नास तिसऱ्या कुलुपाची गरज आहे असे वाटत होते तो प्रोसेसरच्या एकत्वानेच सुटतो. गाभ्याच्या दुरुस्त्यांत असे निर्मळ प्रमाण नेहमी आढळत नाही.

अशा धाग्याचे टायमर उडले नाहीत तर नुकसान काय, हाही प्रश्न रास्त आहे. मरणाऱ्या धाग्याच्या खर्चावर लावलेला टायमर त्याच्या अखेरच्या काही क्षणांत चुकला तर व्यवहारात फरक पडत नाही, कारण तो खर्च आता वाढावयाचाच नाही. सबंध प्रक्रियेच्या खर्चावर लावलेला टायमर असेल तर जिवंत भावांपैकी कोणावर तरी पुढचा व्यत्यय येतो व तेथे तो उडतो.

या अटीचा पूर्वेतिहास दुरुस्तीइतकाच बोधक आहे. अट नवी नव्हे. मृत्यूची खूण पाहण्याची तपासणी या भागात पूर्वी होती. २०१० मध्ये ती काढून टाकण्यात आली, आणि तो बदलही नेस्तेरोव्ह यांचाच होता. तेव्हाचा विचार चुकीचा म्हणता येत नाही, अपुरा म्हणता येतो. संकेत-कुलूप घेण्याचा प्रयत्न नष्ट झालेल्या कार्याबाबत आपोआप फसतोच, मग वेगळी तपासणी कशास? कुलूप घेण्याच्या क्षणापुरते हे अगदी खरे आहे. परंतु ते कुलूप सोडल्यानंतरचा जो अवधी आहे त्यासाठीही जुनी तपासणी नकळत राखण करीत होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही. भिंतीतला एखादा दगड शोभेचा समजून काढावा आणि पंधरा वर्षांनी कळावे की वरची तुळई त्यावर टेकली होती, तसा हा प्रकार झाला. या पंधरा वर्षांत गाभ्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या व असंख्य डोळ्यांखालून तो भाग गेला. मुक्त संहितेत दोष लपत नाहीत, या लोकप्रिय समजुतीस येथे काहीशी मुरड घालावी लागते. दोष उघड्यावरच होता. मात्र तो कोणत्याही एका ओळीत नव्हता, दोन ओळींच्या मधल्या काळात होता.

मध्यंतरी २०२० मध्ये थॉमस ग्लाइक्स्नर यांनी या भागाची रचना बदलणारी एक सोय केली. मुदत भरल्याचे व्यत्ययात फक्त टिपून ठेवावयाचे आणि प्रत्यक्ष टायमर उडविण्याचे काम धाग्याने स्वतः, व्यत्ययाबाहेर, आपल्या सवडीने करावयाचे, अशी ही सोय. तिचा हेतू निराळा होता. व्यत्ययात फार वेळ जाऊ नये हा. तथापि तिच्यामुळे हा दोष तेथे आपोआप निष्प्रभ होतो, कारण अशी राखून ठेवलेली कामे मरणारा धागा मृत्यूच्या खुणेपूर्वीच आटोपतो. पण ही सोय सर्व प्रकारच्या प्रोसेसरांवर उपलब्ध नव्हती. शिवाय जुन्या गाभ्यांवर चालणारी यंत्रे जगात पुष्कळ, आणि त्यांत हातातले दूरध्वनी विशेष. दुरुस्तीतील अट मात्र दोन्ही रचनांसाठी घातली गेली. जेथे ती अनावश्यक आहे तेथेही ती विसंगत नाही, अशी भूमिका टिपणात घेतली आहे. २०१० चा अनुभव जमेस धरता ती शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

टायमरांच्या याच विभागाने याआधीही त्रास दिला होता. २०२२ मध्ये उघडकीस आलेला सीव्हीई-२०२२-२५८५ हा दोष याच घराण्यातला. तेथे दुय्यम धाग्याने नवा कार्यक्रम अंगीकारला असता जुने टायमर यादीत तसेच राहत व त्यांची स्मृती मात्र मोकळी केली जाई. ज्याच्या नावे काळ मोजावयाचा त्याचे जन्म, मरण व रूपांतर हे तीनही प्रसंग या संहितेस जड जातात, असे दिसते.

या दोषाचे महत्त्व केवळ तात्त्विक राहिले नाही. गूगलने अँड्रॉइडसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या सुरक्षा-पत्रकात या क्रमांकाचा उल्लेख असून, त्याचा मर्यादित व विशिष्ट व्यक्तींविरुद्ध वापर होत असल्याची चिन्हे आहेत असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेच्या सीसा या शासकीय संस्थेने त्यास प्रत्यक्ष वापरात आलेल्या दोषांच्या सूचीत घातले. दोष दूरवरून शिरकाव करू देणारा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. यंत्रावर आधी कोठून तरी पाय रोवावा लागतो. एखादे साधे अॅप पुरते. मग ज्या कुंपणात अॅपला कोंडलेले असते ते कुंपण ओलांडून गाभ्याचे अधिकार मिळविण्यासाठी या दोषाचा उपयोग होतो. एकदा गाभा हाती आला म्हणजे बँकेचे अॅप, संदेश, छायाचित्रे, ध्वनिग्राहक यांपैकी काहीच आडपडद्यामागे राहत नाही.

दुरुस्ती लिहिली जाणे आणि ती रिसोडच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या खिशात पोहोचणे, यांतील अंतर मात्र संहितेच्या एका ओळीत मावणारे नाही. मूळ गाभ्यातील बदल आधी दीर्घकाल सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत उतरतो. तेथून अँड्रॉइडच्या सामाईक शाखेत. तेथून चिप बनविणाऱ्याकडे. मग दूरध्वनी बनविणाऱ्याकडे. आणि त्या नमुन्याची मुदत संपलेली नसेल तरच शेवटी ग्राहकाकडे. स्वस्त व जुन्या यंत्रांबाबत ही साखळी मध्येच तुटते, आणि नवी सोय नसलेली जुनी बांधणीही बहुधा त्यांतच सापडते. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा-अद्ययावतीचा जो दिनांक दिसतो तो सप्टेंबर २०२५ पूर्वीचा असेल, तर ही अट त्या यंत्रात आली आहे असे धरून चालता येत नाही.